‘तीस दिवसांत पाणी होतं’: चिनी किमयेच्या एका कृतीची वाचनं

एक जिन हिंगूळ तयार करून ओल्या बांबूच्या नळीत भरायचा. मोरचूद आणि सोरा प्रत्येकी दोन ल्यांग घेऊन हिंगुळाच्या खाली-वर त्यांचे थर द्यायचे. नळीचं तोंड बंद करून त्यावर रोगण आणि हाडं यांच्या गोळीचं लिंपण करायचं, ते वाळू द्यायचं. मग नळी कडक शिरक्यात ठेवून जमिनीत तीन फूट खोल पुरायची. तीस दिवसांत पाणी होतं. रंग तांबडा, चव कडू.

हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचं तांबडं खनिज, मोरचूद तांब्याचा निळा क्षार, शिरका म्हणजे व्हिनेगर. ही कृती चिनी किमयागार गे होंग (२८३–३४३) यांच्या ‘बाओपूत्झ’ या ग्रंथातली. त्याच्या १६व्या प्रकरणाचं नावच ‘पिवळं आणि पांढरं’, म्हणजे सोनं-चांदी बनवण्याची विद्या. मूळ चिनीत ही सगळी कृती साठ अक्षरांच्या आत आटोपते. गेल्या शतकात चिनी रसायनाचा इतिहास ज्यांनी लिहिला, त्यातल्या बहुतेकांना या साठ अक्षरांपाशी थांबावं लागलं. कोणी त्यात खनिज आम्लाची पहिली पावलं पाहिली, कोणी प्रयोगशाळेत उत्तर शोधलं, तर कोणी प्रश्नच चुकीचा आहे असं म्हटलं. म्हणून इथे एकच नळी घेऊन बसू.

नळीत किती आणि काय

चौथ्या शतकातला जिन सुमारे २२० ग्रॅमचा, आणि त्याचे १६ ल्यांग. म्हणजे हिंगूळ २२० ग्रॅम. मोरचूद आणि सोरा प्रत्येकी साधारण साडेसत्तावीस ग्रॅम. हिंगूळ पाण्याच्या आठपट जड असतो, त्यामुळे एवढा ऐवज घट्ट धरला तर जेमतेम २७ मिलिलिटर भरतो. पूड फुगते, तरी चहाच्या लहान पेल्याच्या वर जात नाही. बांबूचं एक पेर पुरतं. मोठी भट्टी नाही, चाळीस दिवसांचा जाळ नाही. किमयेची कृती म्हणून ही फारच शांत आहे.

बांबू ओला हवा, कारण वाळका तडकतो. पण ओल्या बांबूची हिरवी साल मेणचट आणि सिलिकाने भरलेली असते. तिच्यातून शिरका आत झिरपणार नाही. ‘बाओपूत्झ’ याबद्दल काही बोलत नाही. ‘छत्तीस जलांच्या कृती’ या दाओपंथी (ताओवादी) ग्रंथात मात्र तुरटीचं पाणी करताना नळीची बाहेरची साल तासून पातळ करायला स्पष्ट सांगितलं आहे. म्हणजे नळी हे निव्वळ भांडं नाही, गाळणं आहे: शिरका हळूहळू आत जातो, क्षार हळूहळू बाहेर येतात, हिंगुळाची जाड पूड आत राहते. हा एक तपशील सुटला की पुढचं सगळं वाचन बिघडतं, कारण मग विरघळण्याची क्रिया बंद डबीत चालली आहे असं वाटतं.

रोगण म्हणजे आपली लाख नव्हे. लाख किड्यापासून मिळते. चिनी रोगण हा एका झाडाचा चीक. तो उन्हात वाळत नाही, दमट हवेतच घट्ट होतो, आणि त्याला वेळ लागतो. ‘वाळू द्यायचं’ या दोन शब्दांत ते दिवस लपलेले आहेत. घाई केली तर शिरका लिंपणाखालून शिरतो आणि तोंडाजवळचा सोरा आधीच धुऊन नेतो. तीन चिनी फूट म्हणजे आजचे सुमारे ७२ सेंटिमीटर. तिथे दिवस-रात्रीचा तापमानातला फरक जवळजवळ पोचत नाही.

अडचण हिंगुळाची आहे. पारा आणि गंधक यांचं हे संयुग पाण्यात विरघळत नाही म्हणणंही कमीच. त्याचा विद्राव्यता गुणाकार (तो जितका लहान, तितका पदार्थ कमी विरघळतो) १० च्या उणे ५२व्या घाताच्या आसपास आहे. कडक नायट्रिक आम्लालाही तो सहज दाद देत नाही. मग शिरक्यात त्याचं ‘पाणी’ कसं होणार?

आधी ग्रंथ हाती यावा लागतो

गे होंग यांचा ग्रंथ स्वतंत्रपणे छापला जात होता, पण त्याच्या सोबतीचे ग्रंथ, जलांच्या कृती, भट्ट्यांची वर्णनं, मातीच्या लिंपणाचे पाठ, दाओपंथाच्या ‘दाओत्झांग’ या महासंग्रहात अडकले होते. मिंग काळात १४४५ मध्ये तो छापून झाला, १६०७ मध्ये पुरवणी निघाली. पुढच्या तीनशे वर्षांत त्याच्या प्रती आगीत, लढायांत आणि हेळसांडीत गेल्या. बीजिंगच्या श्वेतमेघ मठात राहिलेल्या प्रतीवरून शांघायच्या कमर्शियल प्रेसने १९२३ ते १९२६ या काळात त्याची छायाप्रत काढली, ११२० पुस्तिकांत. चिनी किमयेचा आधुनिक इतिहास खऱ्या अर्थाने या छपाईनंतर सुरू होतो. आपल्याकडे पुण्याच्या आनंदाश्रमाने ‘रसरत्नसमुच्चय’ छापल्यावर रसशास्त्राच्या अभ्यासाला जसा पाया मिळाला, तसंच काहीसं.

संग्रह उघडला तो रसायनशास्त्रज्ञांनी, आणि याचे परिणाम दूरवर गेले. त्साओ युआनयू यांनी १९३३ मध्ये जुन्या किमयागारांची उपकरणं आणि पद्धती यांवर चिनीत लेख लिहिला, तो याच नव्या छपाईच्या आधारावर. अमेरिकेत एमआयटीतले टेनी डेव्हिस हे मुळात स्फोटकांच्या रसायनाचे जाणकार. त्यांनी वू लूच्यांग यांच्यासोबत १९३५ मध्ये ‘बाओपूत्झ’ची सोन्याच्या औषधावरची आणि पिवळ्या-पांढऱ्यावरची प्रकरणं इंग्रजीत आणली. आपली नळी पाश्चात्त्य रसायनशास्त्रज्ञांसमोर आली ती इथे.

चेन ग्वोफू यांचं उदाहरण तर आणखी बोलकं. झुरिचमधून रसायनात डॉक्टरेट घेतलेला हा माणूस युद्धकाळात कुनमिंगला शिकवत होता, पुढे तियानजिनला सेल्युलोजच्या रसायनाचा प्राध्यापक झाला, आणि त्याचं नाव राहिलं ते ‘दाओत्झांग’चा उगम आणि जडणघडण शोधणाऱ्या १९४९च्या ग्रंथामुळे. त्यांचा आग्रह साधा होता: कृतीचं रसायन सांगण्याआधी ग्रंथाचा काळ ठरवा. काळ ठरवायला पद्यातली यमकं पाहा, कारण उच्चार बदलले की यमकं मोडतात. प्रदेशांची नावं पाहा, कारण राजवटीगणिक ती बदलतात. रसायनाच्या माणसाने यमकं मोजत बसावं हे विचित्र वाटेल, पण ही पायरी वगळणाऱ्यांनी आठव्या शतकातला मजकूर बिनदिक्कत दुसऱ्या शतकात नेऊन ठेवला आहे.

सोरा की दुसरंच काही

कृतीतल्या चार वस्तूंपैकी हिंगुळाबद्दल वाद नाही. मोरचुदाला मूळ शब्द ‘दगडाचं पित्त’ असा आहे. निळा रंग आणि कडवट-तुरट चव पाहता तोही पटतो. शिरक्याला ‘कडू दारू’ म्हटलं आहे, हाही जुना आणि ठरलेला शब्द. खरा घोळ ‘शियाओशी’चा. शब्दशः अर्थ ‘विरघळवणारा दगड’. तो सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, की नुसतं सोडियम सल्फेट? दोन्ही पांढरे, दोन्ही जमिनीवर फुलून येणारे, दोन्ही पाण्यात उकळून खडे पाडता येणारे, आणि जुन्या औषधग्रंथांत दोघांच्या नावांची भरपूर सरमिसळ झालेली. सोडियम सल्फेट असेल तर आपल्या नळीत जवळजवळ काहीच घडणार नाही. ते ऑक्सिडीकारक नाही.

निकाल लावणारं वाक्य ताओ होंगजिंग (४५६–५३६) यांच्या औषधग्रंथावरच्या टीपांत आहे. ते म्हणतात, जाळून पाहावं. जांभळट निळा धूर उठला तर खरा शियाओशी. पोटॅशियमची ज्योत जांभळी, सोडियमची पिवळी. आज शाळेच्या प्रयोगशाळेत प्लॅटिनमच्या तारेवर करतात तीच परीक्षा, पंधराशे वर्षांपूर्वी निखाऱ्यावर. या एका वाक्याने कृतींचा सबंध गट सोऱ्याच्या बाजूला आणला. त्याला मर्यादाही आहे: ताओ यांची परीक्षा गे होंग यांच्यानंतर दीडशे वर्षांनी लिहिली गेली. गे होंग यांनी आपल्या दुकानदाराकडून आणलेल्या पुडीची परीक्षा केली होती की नाही, ते त्यातून सिद्ध होत नाही.

भारतीय वाचकाला इथे एक ओळखीची चाहूल लागते. तांग काळातल्या एका खनिजसूचीत ६६४ सालची हकिकत आहे. झी फालिन नावाचा, ‘ब्राह्मण’ म्हणून उल्लेखलेला परदेशी भिक्षू संस्कृत पोथ्या घेऊन चीनमध्ये आलेला. फेनचौ भागातून जाताना तो म्हणतो, इथे शियाओशी मुबलक असणार, कोणी काढत कसं नाही? सोबतचे लोक गोळा करतात, तपासून पाहतात. माल हिणकस निघतो. उद्यान देशातला, म्हणजे आजच्या स्वात खोऱ्यातला, याहून चांगला असं तो सांगतो. पुढे झचौला सापडलेला माल जाळल्यावर जांभळा धूर निघतो. या औषधाने पाचही धातू पालटतात आणि सगळे दगड त्याच्या संगतीत पाणी होतात, अशी त्याची ख्याती तिथे नोंदवली आहे. इतिहासकाराला यातून तीन गोष्टी मिळतात: ज्योतीची परीक्षा सातव्या शतकात रानात वापरली जात होती, सोऱ्याची प्रत गावागणिक बदलत होती, आणि ‘दगडांचं पाणी’ हीच त्याची ओळख होती. यातली दुसरी गोष्ट पुढे कळीची ठरणार आहे.

केंब्रिजचं वाचन आणि एक हिशेब

जोसेफ नीडहॅम (१९००–१९९५) हे जीवरसायनाचे संशोधक. १९४३ ते १९४६ ते चोंगचिंगला ब्रिटनच्या वैज्ञानिक सहकार्य कचेरीचे प्रमुख होते. तिथे त्यांच्यासोबत काम केलेले त्साओ तिएनचिन पुढे केंब्रिजला स्नायूंतल्या प्रथिनांवर संशोधन करायला आले, आणि त्याच काळात त्यांनी ‘दाओत्झांग’मधल्या किमयाग्रंथांचा बारकाईने अभ्यास केला. मायदेशी परतल्यावर ते कृत्रिम इन्सुलिनच्या चिनी प्रकल्पातले प्रमुख शास्त्रज्ञ झाले. त्यांच्या अभ्यासावर मलायातून आलेले हो पेंग योक आणि नीडहॅम यांनी काम केलं, आणि १९५९ मध्ये जलीय द्रावणांवरचा तिघांचा निबंध ‘अँबिक्स’ या किमयेच्या इतिहासाला वाहिलेल्या नियतकालिकात छापला. त्याच वर्षी हो आणि नीडहॅम यांचे उपकरणांवरचा आणि सिद्धौषधांच्या विषबाधेवरचा असे आणखी दोन निबंध आले. नीडहॅम यांच्या ‘सायन्स अँड सिव्हिलायझेशन इन चायना’ या ग्रंथमालेतल्या किमयेवरच्या पुढच्या जाडजूड खंडांचा पाया हाच.

निबंधातला मुख्य मुद्दा असा: सोरा आणि शिरका एकत्र आले की द्रावणात नायट्रेट आणि आम्ल दोन्ही असतात, म्हणजे व्यवहारात ते विरल नायट्रिक आम्लच. युरोपात खनिज आम्लं दिसतात ती तेराव्या शतकाच्या अखेरीस; हे त्याच्या कितीतरी आधीचं.

हा दावा आकर्षक आहे. पण आकडे मांडले की तो लंगडतो. शिरक्यात ५ टक्के अॅसिटिक आम्ल धरू, म्हणजे त्या काळासाठी चांगलाच कडक. अॅसिटिक आम्ल दुबळं. त्यातून सुटे होणारे हायड्रोजन आयन लिटरमागे ०.००४ मोलच्या आसपास. एवढी आम्लता लिटरभर पाण्यात पाव ग्रॅम नायट्रिक आम्ल टाकून मिळते. इतक्या पातळ आणि थंड द्रावणात नायट्रेट आयन सुस्त असतो. तो तिथे आहे म्हणून तो नायट्रिक आम्लासारखा वागेल असं नाही.

बरं, वागला असं धरू. तीन रेणू हिंगुळाला दोन नायट्रेट लागतात. साडेसत्तावीस ग्रॅम सोऱ्यात ०.२७ मोल नायट्रेट. त्यावर जास्तीत जास्त ०.४१ मोल, म्हणजे ९५ ग्रॅम हिंगूळ फुटेल. मोरचुदातल्या तांब्यानेही जमेल तेवढा हातभार लावला तरी आणखी १२-१३ ग्रॅम. सगळं मनासारखं घडूनही २२० ग्रॅमपैकी निम्मा हिंगूळ नळीच्या तळाशी तसाच. प्रमाण कृतीतच दिलेलं आहे, त्यामुळे हा गुणाकार १९५९ मध्येही करता आला असता. निबंधाचं लक्ष दुसरीकडे होतं: कोण आधी, चीन की युरोप. नीडहॅम यांच्या कामाची ताकदही यातच आहे आणि त्याची मोठी उणीवही.

मीठ

१९८० मध्ये सेंट अँड्र्यूजचे रसायनशास्त्रज्ञ बटलर आणि ग्लाइडवेल यांनी नीडहॅम यांच्यासोबत, सहाव्या शतकातल्या पाठाच्या आधारे, हिंगूळ विरघळण्याचं स्पष्टीकरण मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. प्रश्नाची जागा ग्रंथालयातून प्रयोगशाळेत गेली, ही खरी प्रगती. आणि रसायनाच्या बाजूने पाहिलं तर सर्वांत पटणारा खुलासा कृतीत न लिहिलेल्या पदार्थाचा आहे: साधं मीठ.

जमिनीवरून खरवडलेला, एक-दोनदा उकळून खडे पाडलेला सोरा कधीच निव्वळ सोरा नसतो. त्यात मीठ येतंच. क्लोराइडला पाऱ्याची जबर ओढ असते, तो पाऱ्याला धरून द्रावणात ठेवतो. शिवाय क्लोराइडच्या संगतीत मोरचुदातलं तांबं सल्फाइडला ऑक्सिडाइज करू शकतं. म्हणजे मोरचूद केवळ रंगासाठी नाही, ते काम करतं. सोऱ्यात १० टक्के मीठ धरलं, तर त्यातला सगळा क्लोराइड पाऱ्याला चिकटूनही सुमारे साडेपाच ग्रॅमच हिंगूळ द्रावणात येईल. टक्का वाढवा, हिंगूळ वाढेल. अगदी शुद्ध सोरा वापरून ही कृती आज कोणी करून पाहिली, तर ती फसल्यासारखी दिसेल, आणि दोष गे होंग यांच्या माथी जाईल. झी फालिनच्या हकिकतीतला हिणकस माल इथे आठवावा. ज्योतीच्या परीक्षेत नापास होणारा सोरा या एका कृतीत जास्त कामाचा ठरू शकतो.

तरी तांबडा रंग राहतोच. पारा आणि क्लोराइड यांचं द्रावण रंगहीन, तांब्याचं निळं-हिरवं. तांबडं काय असेल? एक शक्यता, तासलेल्या सालीतून बाहेर आलेली हिंगुळाची अतिशय बारीक, तरंगणारी पूड. दुसरी, खनिजांतल्या लोहाचं अॅसिटेट, जे गर्द तांबूस असतं. दोन्हीपैकी काहीही असो, ‘रंग तांबडा’ ही खूण हिंगूळ विरघळल्याची साक्ष म्हणून वापरता येत नाही. उलट पहिली शक्यता खरी असेल तर तो न विरघळल्याची साक्ष आहे.

चीनमध्येही हेच वळण आलं. वांग ख्वेइख यांनी १९६४ मध्ये ‘सुवर्णद्रव’ आणि शिरक्याच्या हौदावर लिहिलं. १९८०च्या दशकात पेकिंग विद्यापीठात चाओ ख्वांगह्वा यांनी तांब्यात आर्सेनिक मिसळून ‘सोनं’ आणि ‘चांदी’ करण्याच्या कृती भट्टीवर चढवून पाहिल्या. तिथे उत्तर सोपं होतं, मिश्रधातू एकतर पिवळा येतो किंवा येत नाही. पाण्यांच्या बाबतीत तसं नाही.

‘पाणी’ म्हणजे काय

नीडहॅम यांच्या ग्रंथमालेतल्या पाचव्या खंडाचे किमयेवरचे चार भाग १९७४, १९७६, १९८० आणि १९८३ साली निघाले. उपकरणांवरच्या १९८०च्या भागात चिनी विज्ञानाचे इतिहासकार नेथन सिव्हिन यांनी सिद्धांतावर दीर्घ प्रकरण लिहिलं, आणि त्याच पुस्तकातल्या यजमानाच्या, म्हणजे नीडहॅम यांच्या, दृष्टीला त्यांनी शांतपणे बाजूला सारलं. त्यांचं म्हणणं, किमयागार पदार्थांचे गुणधर्म शोधायला बसलेच नव्हते. पृथ्वीच्या पोटात युगानुयुगं चालणारी प्रक्रिया छोट्या भांड्यात, आटोपशीर काळात घडवायची आणि तिचं दर्शन घ्यायचं, हा हेतू. त्या नजरेने जमीन, तीन फूट, तीस दिवस हे तापमान राखण्याचे उपाय उरत नाहीत. तीच कृती होते.

सिव्हिन यांचा आक्षेप मोठ्या भट्ट्यांच्या विधींना चपखल लागू पडतो. या नळीला मात्र तो पुरता लागू होत नाही, आणि त्याचं कारण ‘बाओपूत्झ’च्या त्याच प्रकरणात आहे. ‘पाणी’ हा शब्द घेऊन रसायनशास्त्रज्ञ द्रावणाकडे धावले, सिव्हिन विश्वाकडे. पण हे पाणी पुढे कशात घालायचं ते गे होंग यांनी सांगून ठेवलं आहे.

सोनं बनवण्याच्या एका लांबलचक कृतीत तीन जिन मनशीळ (आर्सेनिक आणि गंधक यांचं खनिज) कुटून गांडुळांनी उकरलेल्या मातीसारख्या मातीत समभाग कालवायची, नळीला आतून तिचा थर द्यायचा आणि त्यात दोन ‘ग’ हिंगुळाचं पाणी घालायचं, असं येतं. दोन ग म्हणजे साधारण ४० मिलिलिटर. एका पेराच्या नळीतून आणि भोवतीच्या शिरक्यातून एवढं सहज निघतं. पुढची पायरी: घोड्याच्या लिदीच्या शेकावर ठेवून ते पार कोरडं करायचं.

पार कोरडं. म्हणजे त्या पाण्यात पारा विरघळलेला होता की हिंगुळाची धूळ नुसती तरंगत होती, याने या कृतीला काहीच फरक पडत नाही. जे काही असेल ते शेवटी मनशिळेच्या थरात वाळून बसणार. आपल्या रसग्रंथांतल्या अभ्रकाच्या आणि धातूंच्या ‘द्रुती’ वाचतानाही हाच प्रश्न आधी विचारावा: द्रव झालेला पदार्थ पुढच्या ओळीत कुठे जातो?

आणि चव. त्याच प्रकरणात मनशिळेच्या पाण्याचीही कृती आहे: एक जिन मनशीळ, दोन ल्यांग सोरा, तशीच नळी, तसाच शिरका, तसेच तीन फूट, फक्त दिवस वीस. त्यात मोरचूद नाही. आणि तिच्या शेवटी रंग-चवीबद्दल एकही शब्द नाही.